पराभव कोणी सांगायचा?

आपल्या गेल्या वर्षीच्या वार्षिकांकात क्रीडा विभागाचा अहवाल आहे. त्यात कबड्डीच्या वाट्याला चार ओळी आल्या आहेत आणि त्यांतील शेवटची ओळ अशा अर्थाची आहे की, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात पंचांच्या दुर्दैवी निर्णयामुळे आपला संघ अवघ्या एका गुणाने पराभूत झाला. अहवाल लिहिणाऱ्या सरांचा यात काहीही दोष नाही. त्यांना ती माहिती संघाच्या कर्णधाराने दिली होती. तो कर्णधार मी.

यंदा संपादक मंडळाने 'खिलाडूवृत्ती' या विषयावर लिहिण्यास मला सांगितले, तेव्हा मी प्रथम नाही म्हणालो. मग वाटले, नाही म्हणण्याचे जे कारण आहे तेच लिहिण्याचेही आहे. तो सामना आणि ती ओळ यांच्याकडे मी परत येणारच आहे. पण त्याआधी, मोठे खेळाडू हरल्यावर काय करतात हे गेल्या वर्षभरात मी जे पाहिले, वाचले आणि मनाशी घोळवले, ते मांडू द्या. स्वतःचे सांगण्यापूर्वी दुसऱ्यांचे सांगणे सोपे जाते, हेही एक कारण आहेच.

खिलाडूवृत्ती म्हणजे हरल्यावर हसणे, अशी आपली एक समजूत आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून पाहुण्यांच्या भाषणात आपण ती ऐकत आलो. हार-जीत महत्त्वाची नाही, भाग घेणे महत्त्वाचे, असे पाहुणे सांगतात आणि मग जिंकलेल्यांनाच तेवढे व्यासपीठावर बोलावतात. ज्याने वर्षभर पहाटे उठून मैदानाला फेऱ्या मारल्या, त्याला हार-जीत महत्त्वाची नाही असे सांगणे म्हणजे त्याच्या श्रमाची थट्टाच आहे. हरल्यावर वाईट वाटलेच पाहिजे. ज्याला वाटत नाही तो खेळाडू कसला? तेव्हा चेहरा हसरा की रडवा, ही खरी कसोटी नव्हे. माझ्या मते कसोटी वेगळी आहे: हरलो, हे वाक्य कोण उच्चारतो? स्वतः की दुसरा कोणी?

निरनिराळ्या खेळांचे नियम या दृष्टीने पाहिले तर मोठी गंमत दिसते. क्रिकेटमध्ये बाद झाल्याचे पंच बोट वर करून सांगतो. कुस्तीत तांबड्या मातीत पाठ टेकली की ते सगळ्या फडाला दिसते, सांगावे लागत नाही. गादीवरच्या कुस्तीत पंच दोन्ही मल्लांची मनगटे धरून उभा राहतो आणि एकाचा हात वर करतो. दुसऱ्याचाही हात त्याने धरलेलाच असतो, हे आपल्या लक्षात येत नाही. कबड्डीत शिट्टी वाजते. या सर्व खेळांत पराभव बाहेरून येतो, आणि बाहेरून आलेल्या गोष्टीशी भांडता येते.

बुद्धिबळाचे तसे नाही. वरच्या दर्जाच्या डावांत मात होईपर्यंत खेळ क्वचितच जातो. त्याआधीच एक खेळाडू ओळखतो की आता काही उरले नाही, आणि डाव सोडतो. म्हणजे घड्याळ थांबवून पटावरून हात पुढे करतो. पंच काही बोलत नाही. जिंकणाराही काही बोलत नाही. 'मी हरलो' हे हरणाऱ्यानेच सांगायचे. शिवाय दीर्घ वेळेच्या डावांत चाली लिहून ठेवायच्या असतात, आणि डाव संपल्यावर दोन्ही नोंदपत्रिकांवर निकाल लिहून दोघांनीही सह्या करायच्या, असा नियम आहे. आपल्या पराभवावर आपणच सही करायची. तीही दोनदा! दुसऱ्या कोणत्या खेळात इतके कडक शिक्षण असेल असे मला वाटत नाही.

२८ जुलै २०२५ च्या सोमवारी सीताबर्डीवर ज्यांनी फेरफटका मारला असेल त्यांना आठवेल. व्हेरायटी चौकापासून मेन रोडपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर आणि दुकानांच्या पायऱ्यांवर पोरे मोबाइलभोवती डोकी घालून उभी होती, आणि त्या पडद्यावर क्रिकेट नव्हते. जॉर्जिया देशातील बातुमी येथे महिलांच्या विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धेचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूस आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूस आंध्रची कोनेरू हंपी. दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते, म्हणून जलद डावांवर आले. त्यांतला पहिलाही बरोबरीत गेला. दुसऱ्यात वेळ कमी उरली असताना हंपीच्या हातून चूक झाली आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने तो डाव जिंकला. त्या एका विजयाने ती विश्वचषकाची मानकरी झाली आणि ग्रँडमास्टरही झाली. भारताची ती अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर. तिला रडू कोसळले, ती आईच्या गळ्यात पडली, आणि बर्डीवर आमच्यापैकी अनेकांचे डोळे तिच्याबरोबर ओले झाले. ते साहजिकच होते.

पण मी त्या रात्री घरी जाऊन तोच प्रसंग पुन्हा पाहिला, आणि या वेळी मी दुसऱ्या खुर्चीकडे पाहत होतो.

हंपी कोण आहे हे लक्षात घ्या. २००२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली. त्या वेळी इतक्या लहान वयात हा किताब मिळवणारी ती जगातील पहिलीच स्त्री होती. दिव्याचा जन्म डिसेंबर २००५ चा. म्हणजे समोरची मुलगी जन्मण्याच्या तीन वर्षे आधी जिने हा किताब मिळवला, तिला त्याच मुलीसमोर, सगळ्या जगाच्या डोळ्यांदेखत डाव सोडायचा होता. तिने हात पुढे केला, मिळवला आणि उठली. पडद्यावर तो सारा प्रसंग काही क्षणांचा आहे. त्यानंतर कॅमेरा दिव्याकडे वळतो आणि हंपी चौकटीबाहेर जाते. वर्तमानपत्रांनीही तिला तेवढीच जागा दिली.

हाच हात तिने त्याआधी किती वेळा पुढे केला असेल? डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला जागतिक जलद बुद्धिबळ स्पर्धेत ती पहिलाच डाव हरली होती. जगज्जेतेपदाच्या स्पर्धेची सुरुवातच पराभवाने! तरीही अकरा डावांत साडेआठ गुण करून तिने ती स्पर्धा जिंकली. २०१९ नंतरचे तिचे ते दुसरे जलद जगज्जेतेपद. मला असे वाटते की, पहिला डाव गेल्यावर त्याला ज्याने 'गेला' असे स्वच्छ म्हटले, त्यालाच दुसरा डाव नव्या पटावर खेळता येतो. ज्याच्या मनात पहिल्या डावाचा खटला चालूच राहतो, त्याचे मोहरे दुसऱ्या डावातही जुन्याच जागी उभे असतात.

आता कोणी म्हणेल, बुद्धिबळवाले थंड डोक्याचे असतात, त्यांना हे जमते. तर तेही खरे नाही. १ जून २०२५ रोजी नॉर्वेतील स्टॅव्हँगर येथे मॅग्नस कार्लसन हा जगातील अव्वल खेळाडू आपल्या गुकेशविरुद्ध जिंकत आलेला डाव हरला. त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की मोहरे उडाले. ते चित्र जगभर फिरले आणि त्याच्यावर टीका झाली. मी स्वतः त्याला फार दोष देत नाही. मूठ आपटली त्या क्षणाचा मालक तो नव्हता. त्याच्या पुढच्या मिनिटाचा मालक मात्र तो होता, आणि त्या मिनिटात त्याने हात मिळवला, झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली, आणि जाता जाता गुकेशच्या पाठीवर थाप दिली. पुढे ती स्पर्धाही त्यानेच जिंकली. पराभवाचा पहिला क्षण कोणाच्याच हाती नसतो. दुसरा असतो.

या दुसऱ्या क्षणी काय होऊ शकते, याचे दुःखद उदाहरण आपल्याच राज्यात त्याच वर्षी घडले. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धेत गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळला चितपटीने विजयी ठरवले. याआधी महाराष्ट्र केसरी ठरलेल्या शिवराज राक्षेचे म्हणणे, आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते. वाद झाला, आणि वादाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड गुणांवरून नाराज होऊन आखाडा सोडून गेला. कुस्तीगीर संघाने दोघांवरही तीन वर्षांची बंदी जाहीर केली. त्या निर्णयावर पुढे पुष्कळ चर्चा झाली आणि मल्लाची बाजू घेणारे लोकही कमी नव्हते. कदाचित त्याचे म्हणणे बरोबरही असेल. परंतु खांदे टेकले की नाही याची चर्चा करायला कोणी उरले नाही, लाथेचीच चर्चा उरली. बरोबर असलेला माणूस आपली बाजू अशी घालवू शकतो. हे वाचताना मला जरा जास्तच अस्वस्थ वाटले, कारण माझी तर बाजूही बरोबर नव्हती. पण ते पुढे.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण म्हणून जुन्या पिढीतील क्रिकेटप्रेमी हमखास गुंडाप्पा विश्वनाथचे नाव घेतात. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा कसोटी सामना इंग्लंडविरुद्ध झाला. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. कपिलदेवच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षक बॉब टेलर झेलबाद असल्याचा निर्णय पंचांनी दिला. टेलर घुटमळला. स्लिपमध्ये उभ्या असलेल्या कर्णधार विश्वनाथला खात्री होती की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्याने अपील मागे घेतले आणि टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी सहाव्या गड्यासाठी १७१ धावा जोडल्या, बोथमने शतक काढले, सामन्यात तेरा बळी घेतले, आणि भारत दहा गड्यांनी हरला. विश्वनाथ फक्त दोन कसोटींत कर्णधार होता, त्यांपैकी ही एक. औदार्याची किंमत त्याला रोख मोजावी लागली. माझ्या वडिलांच्या पिढीतील काही जण अजूनही म्हणतात की त्याने तसे करायला नको होते. मला मात्र या प्रसंगात औदार्यापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. पंच चुकून आपल्या बाजूने गेला, तेव्हाही खरे काय ते सांगण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले. पंच आपल्याविरुद्ध गेल्यावर खरे बोलणे त्यामानाने सोपे असावे! मला तेही साधले नाही.

आता आपल्या जामठ्याकडे येतो. इथे मी स्वतः हजर होतो, म्हणून थोडे रेंगाळलो तर वाचकांनी क्षमा करावी.

विदर्भाच्या रणजी संघाचा गेल्या काही वर्षांचा इतिहास आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावात आपण १०५ धावांत आटोपलो आणि शेवटी ५३८ धावांचे लक्ष्य समोर आले. असे लक्ष्य कोणी गाठत नसते. अशा वेळी संघ मनाने आधीच गाडीत बसलेले असतात. पण पाचव्या दिवशी सकाळी कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. वाडकरने १०२ आणि दुबेने ६५ धावा केल्या, दोघांनी मिळून १३० जोडल्या. ते बाद झाल्यावर डाव ३६८ वर संपला आणि आपण १६९ धावांनी हरलो. त्या दिवशी आमच्या मेसमध्ये 'शेवटी हरलोच ना' असे म्हणणारे होते, आणि 'पण मुंबईला घाम फोडला' असे म्हणणारेही होते. पुढच्याच हंगामात उपांत्य सामन्यात याच मुंबईला आपण नागपुरात ८० धावांनी हरवले आणि अंतिम फेरीत केरळसमोर उभे राहिलो.

केरळचा रणजीच्या इतिहासातील तो पहिलाच अंतिम सामना. ते तिथवर कसे पोहोचले ते ऐकण्यासारखे आहे. उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावात एका धावेची आघाडी, आणि उपांत्य सामन्यात गुजरातवर दोन धावांची. तीही फलंदाजाचा फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून चेंडू हवेत उडाला आणि झेल गेला म्हणून. दैव इतके मेहरबान असलेला संघ आमच्या गावात आला होता. विदर्भाने ३ बाद २४ वरून सावरत दानिश मालेवारच्या १५३ आणि करुण नायरच्या ८६ धावांच्या बळावर ३७९ केल्या. केरळचा कर्णधार सचिन बेबी तिसऱ्या दिवशी एका टोकाला खिळा ठोकून उभा होता. आघाडी त्यांच्याकडे झुकत होती, आमच्या गॅलरीत शुकशुकाट होता. तो ९८ वर असताना त्याने पार्थ रेखडेला उंच फटका मारला आणि मिडविकेटला झेल दिला. शतकाला दोन धावा कमी आणि आघाडीला थोड्याच. केरळचा डाव ३४२ वर संपला. ३७ धावांची आघाडी आमची.

२ मार्च २०२५, रविवार. सीताबर्डीहून मेट्रोने खापरी आणि तिथून ऑटोने आम्ही चौघे जामठ्याला गेलो. करुण नायरचे शतक आदल्या दिवशीच झाले होते आणि १३५ करून तो बाद झाला. नऊ बाद ३७५ वर दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले. सामना अनिर्णित आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता. आम्ही घसा बसेपर्यंत ओरडलो.

बक्षीस समारंभात सचिन बेबीने जे सांगितले ते माझ्या मनात रुतून बसले. त्याच्या बोलण्याचा आशय असा होता की, त्या मोक्याच्या क्षणी माझ्या फटक्याने सामना फिरला, दोष माझा. त्याने खेळपट्टीचे नाव घेतले नाही. नाणेफेकीचे घेतले नाही. दैवाचेही घेतले नाही, आणि घ्यायचेच तर गुजरातविरुद्धच्या हेल्मेटाचे नावही घ्यावे लागले असते. ज्याने संघासाठी सर्वांत जास्त धावा केल्या त्यानेच, परक्या गावात, विजयाच्या जल्लोषात, कोणी विचारण्याआधी नेमका तो एक फटका उचलून समोर ठेवला. 'आम्ही चांगले खेळलो नाही' असे मोघम बोलून सुटता आले असते. बहुतेक कर्णधार तसेच बोलतात. पराभव मोघम सांगितला की तो सर्वांचा होतो, आणि सर्वांचा झाला की कोणाचाच राहत नाही.

परत येताना मित्र विजयाच्या घोषणा देत होते. मी खिडकीशी बसलो होतो. त्या सामन्याच्या तीन महिने आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, आमचा तो कबड्डीचा सामना झाला होता.

आता ते सांगतो. मातीचे मैदान, संध्याकाळचे ऊन, गुण २८-२८. शेवटची चढाई त्यांची, आणि चढाईला आलेला त्यांचा कर्णधार. मी डाव्या कोपऱ्यात. त्याने पाय फेकला, मी तो चुकवण्यासाठी मागे उडी घेतली. शिट्टी वाजली. माझा पाय अंतिम रेषेबाहेर गेल्याचे पंचांनी सांगितले. एक गुण त्यांना. सामना संपला. मी ओरडलो की पाय आत होता. माझे सगळे गडी पंचांभोवती जमले. समोरचा कर्णधार हात पुढे करून उभा होता, तो हात मी पाहिला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली. मग ठरलेल्या वेळेत फी भरून लेखी तक्रार केली. तिच्यावर कर्णधार म्हणून माझी सही आहे. बुद्धिबळाच्या नोंदपत्रिकेबद्दल मी वर जे लिहिले, ते लिहिताना ही सही माझ्या डोळ्यांपुढे होती.

अर्ध्या तासाने मी नळावर पाय धुवायला गेलो. आम्ही अनवाणी खेळतो. मैदानाच्या रेषा फक्कीच्या असतात आणि घामाच्या पायाला फक्की चिकटते. उजवा पाय वर केला तर तळव्यावर पांढरा पट्टा होता. टाचेवर नव्हे. टाचेच्या पुढे, तळव्याच्या मधोमध, आडवा. टाचेला नुसती माती. रेषा तळव्याखाली होती, म्हणजे टाच पूर्ण बाहेर पडली होती. कबड्डीत रेषा ही मैदानाचाच भाग धरतात. नुसती टाच रेषेवर असती तर मी आत होतो. टाच रेषेपलीकडे होती. पंचांनी बरोबर पाहिले होते.

मी पाय धुतला.

तक्रार फेटाळली गेली, पण त्या पंचांकडून आयोजकांनी लेखी खुलासा मागवला, असे नंतर कळले. महाविद्यालयात मला सहानुभूती मिळाली. प्राध्यापकांनी पाठ थोपटली, कँटीनमध्ये दोन-तीन दिवस चहाचे पैसे कोणी देऊ दिले नाहीत. अन्याय झालेल्या माणसाला मिळणारा तो मान होता आणि मी तो घेतला. एकदा घेतल्यावर परत करणे दिवसेंदिवस कठीण होत गेले. मग वार्षिकांक छापून आला आणि ती ओळ कायमची झाली.

बातुमीचा हात, जामठ्याचे ते बोलणे, हे सारे मला टोचत राहिले, तरी मी काही केले नाही. शेवटी निमित्त झाले ते पुन्हा दिव्या देशमुखचेच. नोव्हेंबर २०२५ च्या प्रारंभी गोव्याला खुला विश्वचषक झाला. त्यात ती खेळली आणि पहिल्याच फेरीत ग्रीसच्या ग्रँडमास्टरकडून दोन्ही डाव हरली. तीन महिन्यांपूर्वी विमानतळावर जिच्यासाठी गर्दी लोटली होती तिचा हा पराभव बर्डीवर कोणाला ठाऊकही नव्हता. दोन डाव, दोन वेळा घड्याळ थांबवणे, आणि दोन-दोन सह्या. एकोणीस वर्षांची मुलगी, जगाची विजेती, आणि हे काम तिने कोणी पाहत नसताना केले. माझे वय तिच्यापेक्षा एका वर्षाने अधिक आहे.

त्या संघाचा कर्णधार संध्याकाळी सीताबर्डीच्या मेन रोडवर एका होजियरीच्या दुकानात काम करतो, हे मला पहिल्यापासून माहीत होते. म्हणून वर्षभर मी त्या बाजूने जाणेच टाळले होते. किल्ल्याच्या टेकडीकडून वळसा घालून मी मोर भवनाला बस पकडायला जात असे. (हा किल्ला इंग्रजांनी बांधला तो नोव्हेंबर १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईत अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाल्यानंतर. पराभवाची खूण गावाच्या मधोमध असूनही गाव तिच्याभोवती निवांत बाजार करते, हे मला त्या वळशांमुळे सुचले. असो.) एका शनिवारी मी दुकानात शिरलो. गर्दी होती. तो मान खाली घालून बनियनच्या घड्या घालत होता.

"काय पाहिजे, भाऊ?" मान वर केली आणि ओळखले. "अबे, तू?"

मी म्हणालो, "माझा पाय बाहेर होता."

त्याला सामना आठवायला क्षणभरही लागला नाही. "मालूम आहे ना बे. मायासमोरच तं पडला."

"मग तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तं तू मानलं असतं का?" त्याने घडी पुरी केली. "अन तुले बी तवाच समजलं होतं. टाच टेकली तवा तुयं तोंड पाहिलं ना मी."

इथे मी थोडा थांबतो, कारण हे लिहायला कठीण आहे. वर्षभर मी स्वतःला सांगत आलो होतो की मला नळावर कळले, मैदानावर मी प्रामाणिकपणे भांडलो. वर या लेखातही मी ते तसेच लिहिले आहे, आणि खोडलेले नाही. पण तो म्हणतो ते खरे असावे. टाचेखाली फक्कीचा कोरडेपणा लागत नाही तेव्हा पायाला ते कळते. मी ओरडायला सुरुवात केली ती कळल्यानंतर.

मी हात पुढे केला. त्याच्या हातात बनियन होते, ते त्याने दुसऱ्या हातात घेतले आणि हात मिळवला. मग मालकाने हाक मारली आणि तो गेला.

आयोजक महाविद्यालयाला मी लेखी कळवले आहे की ती तक्रार चुकीची होती आणि ती मी मागे घेत आहे. त्याची पोच मिळाली आहे. आपल्या क्रीडा विभागातही तिची प्रत दिली आहे. गेल्या अंकातील ती ओळ, सामना आपण हरलो, एवढीच वाचावी.

राहिले पंच. ते एक निवृत्त शिक्षक आहेत. पत्ता मिळवून एका रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलो आणि उभ्या उभ्याच सगळे सांगितले. त्यांनी बसायला सांगितले, काकूंना चहा ठेवायला सांगितला. खुलाशाचा विषय मी काढला तर त्यांनी तो हाताने बाजूला सारला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या डाव्या कोपऱ्यातली रेषा पुसट झाली होती. दुपारचा सामना झाल्यावर मीच मुलांना सांगून तिथे पुन्हा फक्की मारून घेतली. म्हटलं, शेवटी शेवटी वाद नको."